शेवट गोडच हवा

नेपरव्हिल

ती. आत्यास,


हल्ली कोणी चांगली प्रेमकथा लिहितं का, असं तू विचारलंस. लिहितात गं. सोनाली देव वाच. मुंबईत वाढलेली, आता इकडे शिकागोच्या परिसरात राहून इंग्रजीत लिहिते.

माझी सगळ्यांत लाडकी म्हणजे २०१९ची 'प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स'. सांगाडा जेन ऑस्टिनचा, पण इथे श्रीमंत आणि ताठ आहे ती नायिका. डॉ. त्रिशा राजे, सॅन फ्रान्सिस्कोतली मेंदूची सर्जन. नायक डीजे हा स्वयंपाकी, पोटासाठी कष्ट करणारा, मानी. त्याच्या बहिणीच्या मेंदूत गाठ आहे. त्रिशा ती काढू शकते, पण बहिणीची दृष्टी जाईल, आणि बहीण चित्रकार आहे. जिच्या हातात बहिणीचा जीव, तिनेच अपमान केला तर माणसाने रागवायचं तरी कसं? ही कोंडी लेखिकेने कुठेही सैल सोडलेली नाही. त्रिशाच्या भावाच्या राजकारणाची पानं मात्र लांबली आहेत; ती खुशाल चाळून पुढे जा.

'द व्हायब्रंट इयर्स' (२०२२) खास तुझ्यासाठी. बिंदू देसाई पासष्ट वर्षांची. मुलाचा घटस्फोट झाला तरी ती सुनेच्या बाजूने उभी आहे. या वयातल्या बाईला पुन्हा कोणी आवडावं, तिनेही नटावं, हे लेखिका इतक्या आदराने लिहिते की मी मध्येच पुस्तक मिटून तुझा विचार करत बसले.

गेल्या शनिवारी इथल्या वाचनालयात आमच्याच गावातल्या एका नवोदित लेखिकेचं अभिवाचन झालं. पुस्तक अजून छापायचं आहे. पन्नाशीतले दोघं, आणि वाचला तो भांडणाचा प्रसंग. आवाज थोडा कापत होता, पण संवाद असे खणखणीत की सगळी खोली कान देऊन ऐकत होती. नंतर एका गृहस्थांनी विचारलं, शेवट गोड होणार हे आधीच ठाऊक असेल तर वाचायचं कशासाठी? मला तो प्रश्नच पटला नाही. कीर्तनाला बसणाऱ्याला आख्यान पाठच असतं की! शेवटाची धाकधूक नसली म्हणजे लक्ष माणसांवर राहतं. कोण आधी नमतं, कोण कशापायी गप्प बसतं, हे नीट दिसतं. आणि सोसलेल्या बाईला अखेर सुख मिळालं, तर त्यात हलकं काय आहे? तू शिकलीस त्या राजाराम कॉलेजात प्रेमकथा लिहिणारे ना. सी. फडके शिकवायचे. प्रेमकथेला कमी लेखणारे तेव्हाही होतेच.

दोन्ही पुस्तकं दिवाळीला येणाऱ्या दादाबरोबर पाठवते. तुझी वाचून झाली की करवीर नगर वाचन मंदिरात विचार, ठेवून घेतील का. बिंदूचं आधी वाच आणि तिचं वागणं तुला पटलं का, ते सविस्तर लिही.

तुझी,
मनू