रिकामा न्हावी

म्हणी तयार करणारी माणसे मोठी विनोदी असली पाहिजेत. पण ती दयाळू होती असे मात्र मला वाटत नाही. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ हीच म्हण घ्या. गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आहे. ही म्हण निघाली की आधी तुंबडी म्हणजे काय ते सांगावे लागते. अंगातले नासके रक्त ओढून काढण्याचे ते न्हाव्याचे जुने साधन. एवढे कळले की भिंतीचे रक्त काढू पाहणारा तो बापडा मुलांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो आणि वर्गात हशा पिकतो. यंदा मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “पण सर, तो स्वस्थ बसून का नाही राहिला?”

घंटा झाली म्हणून मी सुटलो. पण घाटकोपरहून मुलुंडला येईपर्यंत गाडीच्या गर्दीतही तो प्रश्न काही माझा पिच्छा सोडीना.

‘रिकामा’ या शब्दात ‘काम’ दडले आहे असे वरवर वाटते. खरे म्हणजे तो आला ‘रिक्त’ या शब्दापासून. कामाशी त्याचा काही संबंध नाही. व्युत्पत्तिकारांची क्षमा मागून सांगतो, मी ज्या घरात वाढलो तिथे तो काम नसण्याचाच शब्द होता.

माझे वडील गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यांतले ते एक. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत आमच्या घाटकोपरचेच. पंतनगरात त्यांचा दवाखाना होता. चूक कोणाची, यावर भांडायला विद्वान समर्थ आहेत. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधीच कोणी जाहीर केले नाही, एवढे मात्र खरे. त्या हिशेबाने माझे वडील शेवटच्या श्वासापर्यंत संपावरच होते म्हणायचे!

याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि त्यांच्या खटपटीमुळे १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची हक्काची सुटी मंजूर झाली. आपण रविवारी दुपारी जेवून जो ताणून देतो, त्यात या गृहस्थाचा केवढा वाटा आहे! सहा दिवसांच्या घामातून त्यांनी एक रविवार मिळवला. आमच्या घरी एकाएकी आठवड्याचे सातही दिवस रविवार झाले, आणि त्यांतला एकही रविवारासारखा लागेना.

संप झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. माझ्या आठवणी सुरू होतात त्या सारे विझल्यानंतर. वडील पहाटे पाचला उठत, दाढी करीत, धुतलेला सदरा घालीत आणि बसून राहत. पुढे त्यांना एका इमारतीच्या फाटकावर रखवालदाराची नोकरी मिळाली. महिन्याचा पगार येऊ लागला. पण निघताना ते कधी ‘कामावर जातो’ म्हणाले नाहीत. ‘ड्युटीला जातो’ म्हणत. काम म्हणजे त्यांच्या लेखी फक्त गिरणीतले. धागा तुटला की हात आपोआप तिथे जावा आणि गाठ बसली की साचा पुन्हा धावू लागावा! फाटकावर काय तुटत होते आणि काय जोडायचे होते?

शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना असे. तिथे ते वर्षानुवर्षे ‘साचेवाला’ असेच लिहीत. तो साचा केव्हाच भंगारात गेला असेल. आणि आईच्या रकान्यात? तिथे ते लिहीत ‘काही नाही’. ही ‘काही नाही’ करणारी बाई पहाटे मळलेले पीठ घेऊन येई, दिवसभर पापड लाटी आणि वाळवून दुसऱ्या दिवशी पोचते करी. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापडांचा जो उद्योग सुरू केला, त्याने मुंबईतल्या किती चुली पेटत्या ठेवल्या! त्यांतली एक आमची. पण आईने तो रकाना कधी वाचला असला तरी त्याबद्दल ती कधी बोलली नाही.

आता म्हणे यंत्रे आपले सगळेच काम करणार. माझ्या विद्यार्थ्यांचे निबंध तर ती आताच लिहू लागली आहेत, आणि ते व्याकरणदृष्ट्या माझ्याहून शुद्ध असतात. माणसाला पोटापुरते घरबसल्या मिळाले तर आनंदच आहे, असे माझे एक सहकारी चहा पिताना सांगत असतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मला आमची बाज आठवते.

आमच्या घरी नवारीची एक बाज होती. वडिलांनी एके दिवशी ती सगळी उसवली आणि पुन्हा विणली. महिन्याभराने पुन्हा उसवली, पुन्हा विणली. उभ्या-आडव्या पट्ट्या अशा ताणीत की वर रुपया टाकला तर उडावा. भिंतीला तुंबड्या लावणे म्हणतात ते हेच! मग चाळीतल्या बायका आपापल्या बाजा आणू लागल्या. “भाऊ, एवढी नवार ढिली झालीय, बघता का?” वडील पैसे घेत नसत. पण त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त खात, आणि गिरणीतल्यासारखे मोठ्या आवाजात बोलत.

ते गेल्यावर पुष्कळ दिवसांनी आईने मला सांगितले, की त्यांतल्या निम्म्या बाजांना काही झालेले नसे. तीच शेजारणींना निरोप धाडी आणि त्या आदल्या रात्री गाठी सोडून ठेवीत. वडिलांना हे कधी कळले नाही, अशी तिची खात्री होती.

पण सुटलेली गाठ आणि सोडलेली गाठ यांतला फरक साचेवाल्याला पाहताक्षणी कळतो.