चालू आहे, पण दुरुस्त नाही

लॅपटॉपची ग्राफिक्स चिप जाते तेव्हा आधी स्क्रीनवर रंगीत रेघा येतात. मग मधेच सगळं गोठतं. शेवटी पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी. ईस्टरच्या सुट्टीत मी सुरतेला घरी गेले तेव्हा आमचा लॅपटॉप या शेवटच्या पायरीवर होता. माझा प्रोजेक्ट तीन आठवड्यांत द्यायचा होता आणि भावाचा अभ्यासही त्याच मशीनवर. दुकानदार म्हणाला, चिप बोर्डावरच बसवलेली असते, अख्खा बोर्ड बदला. त्याने सांगितलेला आकडा पप्पांच्या अर्ध्या पगाराएवढा होता.

पप्पा पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये स्टेंटरवर आहेत. पॉलिएस्टर कापड तिथे साधारण 180 ते 200 अंशांवर सेट होतं, त्यामुळे उष्णतेचं आमच्या घरी कुणाला अप्रूप नाही. मी वाचलेला उपाय त्यांना सांगितला: चिप तापवायची, म्हणजे सुटलेले सांधे परत जुळतात. आजी लगेच म्हणाली, "म्हणजे पातेल्याला डाग देतात तसंच की!"

पवित्र शनिवारी दुपारी काम काढलं. आधी बॅटरी काढली. स्क्रू कागदावर जागा लिहून त्या त्या जागी ठेवले. चिपवरची जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली, बाकीचा बोर्ड फॉइलने झाकला आणि खिडक्या उघडल्या. मिलमधल्या इलेक्ट्रिशियन काकांची हॉट एअर गन आणली होती. मम्मीचा केकचा ओव्हन वापरायचा विचारही केला नाही, कारण त्या धुरानंतर त्यात खायचं काही भाजणं बरं नाही. पप्पांनी मल्टीमीटरची तापमानाची वायर चिपजवळ धरली आणि हळूहळू 200 पर्यंत नेलं. मग बोर्डाला हात न लावता थंड होऊ दिलं. नवी पेस्ट लावून सगळं जोडलं, बटण दाबलं, आणि स्क्रीन आली.

भाऊ ओरडला, "पुनरुत्थान!" मम्मीने डोळे वटारले. पप्पा म्हणाले, "पुनरुत्थान नाही रे, हा लाझरस आहे. उठलाय, पण परत मरणार."

पप्पांचं म्हणणं मला नंतर वाचताना पटलं. शिसं आणि कथील यांचं जुनं सोल्डर 183 अंशांना वितळतं. युरोपात 1 जुलै 2006 पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आले आणि कथील, चांदी, तांब्याचं सोल्डर सर्रास आलं. ते वितळायला 217 अंशांच्या आसपास लागतात. जुलै 2008 मध्ये एनव्हिडिया कंपनीने आपल्या लॅपटॉपच्या काही चिप्समधलं साहित्य कमकुवत निघाल्याचं सांगून 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. (आमचा लॅपटॉप त्याच्या कितीतरी नंतरचा, त्या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही.) त्या काळात लोक मदरबोर्ड चक्क घरच्या ओव्हनमध्ये ठेवायचे, तेही 200 अंशांच्या आसपास. म्हणजे सोल्डर वितळतच नव्हतं, तरी स्क्रीन यायची! कारण बिघाड बहुतेकदा चिपच्या पोटातल्या अतिसूक्ष्म जोडांत असतो. उष्णतेने ते प्रसरण पावतात, तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात. टेकतात फक्त, जुळत नाहीत. रोज चिप तापते, रात्री निवते, आणि त्या ओढाताणीत ती पुन्हा सुटतात.

पप्पांनी ते मिलच्या भाषेत सांगितलं. "कापड ज्या तापमानाला सेट केलं, त्याच्या खाली ते सहसा बिघडत नाही. इथं सेट काय झालं? काहीच नाही."

माझा प्रोजेक्ट झाला. हार्ड डिस्कमधलं सगळं (ते मुळात सुरक्षितच होतं) दुसरीकडे उतरवून घेतलं. मग खरा प्रश्न आला. मामेभाऊ म्हणाला, "चालू आहे तोवर विकून टाका. आठ हजार सहज येतील." उधन्याच्या एका ओळखीच्यांना मुलीसाठी जुना लॅपटॉप हवाच होता. आठ हजार आम्हालाही हवे होते. आणि खोटं बोलायचीही गरज नव्हती. बटण दाबून दाखवलं की झालं.

दोन दिवस घरात यावर कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी पप्पा म्हणाले, "सांगून विकायचा तर विक." मी त्या काकांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी आभार मानले आणि घेतला नाही. शेवटी तो सुट्या भागांसाठी अडीच हजाराला गेला.

जुगाडाचं आपल्याकडे फार कौतुक होतं, आणि मलाही त्या दुपारचं कौतुक आहेच. पण जुगाड ज्याने केला त्याला त्याची मुदत माहीत असते, पुढच्याला नसते. 'दुरुस्त' हा शब्द आपण फारसीतून घेतला, तिथे त्याचा एक अर्थ 'खरं, बरोबर' असाही आहे. आमचा लॅपटॉप चालू होता, दुरुस्त नव्हता. त्या मुलीची बारावी होती. मधेच तिची स्क्रीन काळी झाली असती, तर तिच्या घरी हॉट एअर गन घेऊन कोण बसलं असतं?