शिवणीची आंतली बाजू

टाकाऊ म्हणून जगांत कांहीं नाहीं. टाकणाराच आळशी असतो, असें माझी आजी नेहमीं म्हणते. गतवर्षीं आषाढांतल्या सोसाट्याच्या वाऱ्यानें आमची घडीची छत्री उलटी होऊन तिच्या काड्या मोडल्या, तेव्हां तिचें कापड मीं उसवून ठेविलें, तें याच वचनाच्या आधारें.

डोंगर चढणाऱ्या मुलांस पाठीवरचें ओझें हलकें असावें असें फार वाटतें. बाजारांतील हलक्या पिशव्यांची किंमत मात्र हलकी नसते. छत्रीचें कापड नायलॉनचें किंवा पॉलिएस्टरचें, पातळ, घट्ट विणीचें व पाण्यास सहज दाद न देणारें असतें. आमच्या छत्रीच्या ८ पाकळ्यांतून ४ पिशव्या होण्याजोगें कापड निघालें. पहिली पिशवी शिवून मीं ती ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर घातली; नाडीसकट ती अवघी ८ ग्रॅम भरली! मला धन्यता वाटली.

ती पिशवी मीं एका वर्गबंधूस दिली. त्याला दम्याचा विकार आहे. औषधाचा फवारा तो सदैव जवळ बाळगतो. पाऊस ओसरल्यावर आम्ही राजगडावर गेलों, तेव्हां फवारा त्या पिशवींत घालून त्यानें ती कमरपट्ट्यास बांधिली होती. गुंजवणे गांवाकडून चोर दरवाज्यानें पद्मावती माचीवर जाणारी वाट अखेरीस फारच उभी आहे. तेथें कातळास घासून चढतांना पिशवीची एक बाजू उकलली आणि फवारा खालीं गेला. मित्र धापा टाकीत खडकास टेकून बसला. आमचा वाटाड्या झरझर उतरला व खालच्या कारवींत अडकलेला फवारा घेऊन आला. या सर्वास पांचच मिनिटें लागलीं असतील. पण त्या पांच मिनिटांत मी त्याच्या तोंडाकडे पाहूं शकलों नाहीं.

घरीं येऊन मीं सांगितलें, "आजी, कापड जुनें होतें, तें फाटलें."

तिनें चष्मा लावला, पिशवी उलटी केली आणि खिडकीशीं धरली. "बाळ, कापड कोठें फाटलें आहे? दोराही शाबूत आहे. कड तेवढी सुटली आहे. सुलटी बाजू सर्वांचीच चांगली दिसते; शिवण आंतून पाहावी."

घाईनें मीं कडेपासून जेमतेम सुताभर अंतरावर एकच टीप मारली होती. असल्या गुळगुळीत कापडाचे धागे कातरलेल्या कडेशीं सुटत जातात आणि अखेर टीप कापडांतून निसटते. मग आजीनें दुसरी रीत शिकविली. वाचकहो, ती अशी. दोन्ही तुकडे प्रथम सुलट बाजू बाहेर ठेवून शिवावे. कड बारीक कातरून पिशवी उलटावी. आणि आंतून दुसरी टीप अशी मारावी कीं, कातरलेली कड दोन टिपांमध्यें कोंडली जाईल. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा ओलीनें कुजतो. टांचण्या शिवणींत दडणाऱ्या कडेलाच लावाव्या, कारण या कापडास पडलेलें भोंक बुजत नाहीं. छत्रीचा काठ आधींच दुमडलेला असतो. तो तोंडाकडे ठेविल्यास नाडीच्या नेफ्यास एकच दुमड पुरते. हें सर्व केलें तरी टिपेच्या भोंकांतून थोडें पाणी शिरतेंच. म्हणून आगपेटी, औषध, कागद हीं आधीं दुधाच्या धुतलेल्या पिशवींत गुंडाळावीं.

दुसरी पिशवी पहिलीहून १ ग्रॅम जड झाली. दिवाळीच्या सुटींत ती मीं त्याच मित्रास दिली. त्यानें हंसून ती लागलीच कमरेस बांधिली, उलटून पाहिली नाहीं. तो पाहणार नाहीं हें मला ठाऊक होतें. म्हणून देण्यापूर्वीं मीं ती तीनदां उलटून पाहिली होती.