आधी प्रश्न नीट मांड

धर्माविषयी चारचौघांत बोलायचं कसं, हे मला नेवाशाच्या एका निवृत्त शिक्षिकेने शिकवलं. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. नाव लिहायचं नाही ही त्यांची अट आहे, ती पाळते. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला पैस खांबाचं दर्शन, आणि कपाटात ‘साधना’ नि ‘मिळून साऱ्याजणी’ या पुरोगामी नियतकालिकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे. हे सगळं एकाच घरात कसं नांदतं, हे उमगायला मला फार वर्षं लागली. आज मी नगरच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. धर्मस्वातंत्र्याचं २५ वं कलम मुलांपुढे मांडते तेव्हा त्यात पुस्तकातलं थोडं आणि बाईंचं जास्त असतं.

शनिशिंगणापूर आमच्याच तालुक्यातलं. माझी आजी शनिवार धरायची आणि शनी अमावस्येला आम्हा नातवंडांना घेऊन तिकडे जायची. उघड्यावरचा तो चौथरा, त्यावरची काळी शिळा, तेलाने चिकट झालेली फरशी आणि रुईच्या माळांचा वास अजून आठवतो. तेल आजी घरून न्यायची. धाकटा भाऊ नळाखाली अंघोळ करायचा, ओल्या पंच्यात कुडकुडत चौथऱ्यावर चढायचा आणि आजीने दिलेली बाटली शिळेवर रिकामी करायचा. आजी खाली हात जोडून उभी असायची. उपास तिचा, नवस तिचा, तेलही तिचंच. पण चौथऱ्यावर बाईमाणसाने चढायचं नाही, ही तिथली रीत होती. तिला काही वाटतं का, हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. मीही नाही.

२००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या बंदीविरुद्ध आंदोलन उभं केलं. डॉ. श्रीराम लागूंसारखी माणसं त्यात होती. जिल्हा ढवळून निघाला होता. मी तेव्हा कॉलेजात होते, वर्तमानपत्रं वाचून पेटले होते. घरी जेवताना आजीला म्हटलं, शनी म्हणजे हायड्रोजन नि हेलियमचा गोळा, तो कुणाचं काय वाकडं करणार? आजी काही बोलली नाही. ताटातला भात तसाच ठेवून उठली.

मी मोठ्या अभिमानाने हे बाईंना सांगितलं. दाभोलकरांचे लेख मला त्यांनीच वाचायला दिलेले, त्यामुळे शाबासकी मिळेल असं वाटत होतं. बाई म्हणाल्या, “अगं, शनी देव आहे की गोळा, हा आजीचा प्रश्नच नव्हता. तिचं तेल तिला का ओतू देत नाहीत, हा प्रश्न होता. तो तू विचारलाच नाहीस. आधी प्रश्न नीट मांड.” माझ्या पुढच्या सगळ्या शिकण्याची सुरुवात या वाक्यापासून झाली, असं मी आज खात्रीने म्हणू शकते.

त्यानंतर त्यांनी मला लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र दिलं. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत. सोवळंओवळं, जातपात यांचा एकेक धागा स्वतः उसवून पाहिला आणि मनाला पटलं तेव्हाच त्यांनी धर्म बदलला. यातलं बरंचसं आमच्याच जिल्ह्यात, नगरला आणि राहुरीला घडलं. माणसाचं मत आतून बदलायला किती वेळ लागतो, हे बाईंना मला दाखवायचं होतं. मी मात्र वादात समोरच्याला एका संध्याकाळी बदलायला निघालेली असे.

२० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्या दिवशी मी बाईंना फोन केला आणि दोघींनाही बोलता आलं नाही. माझा राग सगळ्या श्रद्धाळू माणसांवर निघत होता. बाई स्वतः माळकरी, त्यामुळे त्यांच्यावरही. त्यांनी तो ऐकून घेतला. ज्यासाठी दाभोलकर झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर झाला. या विधेयकामुळे वारी, कीर्तन बंद होईल अशी भीती वारकऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं पसरली होती. बाईंनी कायद्याची प्रत मिळवली आणि भजनी मंडळात ती वाचून दाखवली. अनुसूचीत नाव घेऊन सांगितलेली १२ कृत्यं तेवढी गुन्हा ठरतात. पूजा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. एक वृद्ध टाळकरी म्हणाले, “मग आम्हाला हे आधी कुणी का सांगितलं नाही?” हे सांगणं माझ्यासारख्या शिकलेल्या माणसांचं काम होतं. मी तोवर त्या मंडळात पाऊलही ठेवलं नव्हतं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर चढली, तिने तेल वाहिलं आणि मागाहून तिथे शुद्धीकरण झालं. मग भूमाता ब्रिगेड या महिलांच्या संघटनेचं आंदोलन झालं, २६ जानेवारीला तिच्या कार्यकर्त्यांना सुप्याजवळ अडवलं गेलं. त्याच महिन्यात देवस्थानच्या अध्यक्षपदी पहिल्यांदा एक स्त्री आली, अनिता शेटे, आणि त्यांनीही परंपरेचीच बाजू घेतली. मला याची चीड आली. बाई म्हणाल्या, “परंपरा पाळू दे की तिला. वर न जाण्याचा हक्कही तिचाच आहे. दुसरीला अडवण्याचा नाही.” खाली उभं राहण्यात माझ्या आजीलाही काही अर्थ सापडला असेल, हा विचार मला त्या दिवशी पहिल्यांदा शिवला. आजी तेव्हा हयात नव्हती.

विद्या बाळ आणि अ‍ॅड. नीलिमा वर्तक यांनी या बंदीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली तेव्हा विद्याताई ऐंशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांच्या याचिकेचा आधार होता १९५६ चा महाराष्ट्राचा कायदा. सार्वजनिक हिंदू पूजास्थानात हिंदूंच्या कुठल्याही गटाला वा वर्गाला अडवता येणार नाही, अडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, असं तो सांगतो. राज्यशास्त्राची प्राध्यापिका असून मी तो कायदा वाचलेला नव्हता. बाईंनी त्याचं मूळ पंढरपुरात दाखवलं. दलितांना विठ्ठलाचं दार उघडावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केलं होतं. अस्पृश्यतेविरुद्धच्या त्या लढ्यातून वाढलेलं हे कायद्याचं झाड ६० वर्षांनी बायकांच्या उपयोगी पडत होतं. १ एप्रिल २०१६ ला न्यायालयाने या कायद्याची अंमलबजावणी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. देव आहे की नाही, यावर न्यायालयाने एक अक्षरही उच्चारलं नाही आणि ते उच्चारायची गरजही नव्हती.

पुढचा आठवडा ताणाचा गेला. देवस्थानने समानता म्हणून पुरुषांनाही चौथरा बंद केला होता. पण गुढीपाडव्याला, ८ एप्रिलला, प्रवरासंगमाचं पाणी घेऊन आलेले गावकरी पुरुष रिवाजाप्रमाणे वर चढलेच. मग विश्वस्तांनी चौथरा सर्वांना खुला केला आणि त्याच संध्याकाळी बायका वर गेल्या.

हाजी अली दर्ग्यातल्या स्त्रियांच्या प्रवेशाचा निकाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लागला. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायकांनी तो मिळवला, त्याचा बाईंना शिंगणापूरइतकाच आनंद झाला. पण २०१८ च्या सप्टेंबरात शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाचा निकाल ४ विरुद्ध १ असा आला तेव्हा मी जल्लोषात होते, आणि बाईंनी मला विरोधी निकालपत्र आधी वाचायला लावलं. ते खंडपीठातल्या एकट्या स्त्री न्यायाधीशांचं, इंदू मल्होत्रांचं होतं. एखादी प्रथा तर्काला पटते की नाही हे ठरवणं न्यायालयाचं काम नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण आता वर्गात तो विषय निघाला की मी आधी तेच मत मांडते, जमेल तितक्या ताकदीने. एखादा भाविक विद्यार्थी त्यावर मान डोलावतो, आणि मग तो माझी बाजूही ऐकून घेतो. पूर्वी माझ्या वर्गात अशी मुलं गप्प बसायची, आजीसारखी.

बाईंचा आणि माझा एक वाद अजून मिटलेला नाही. शिंगणापूरचं देवस्थान सरकारी व्यवस्थापनाखाली आणण्याचा कायदा राज्याने २०१८ सालीच केला. भाविकांचा पैसा आहे, त्याचा हिशेब कुणीतरी मागायला हवा, असं माझं म्हणणं. बाई विचारतात, धर्मनिरपेक्ष सरकार देवळाचा कारभार कोणत्या तोंडाने करणार? आणि करायचाच, तर मग सगळ्यांच्याच प्रार्थनास्थळांचा का नाही? हिशेब तपासणं वेगळं आणि गादीवर बसणं वेगळं, असं त्या म्हणतात. मी दोनदा उत्तर लिहून काढलं, दोन्ही वेळा त्यांनी त्यातली फट दाखवली. या एकादशीला नेवाशाला जाणार आहे. तिसरा मसुदा तयार आहे.