कूलर नक्की कुणाला हवाय?

ऑइल कूलरचे किट सगळ्यांनी मिळून मागवायचे ठरले, तेव्हा जमवाजमव आपोआप माझ्याकडे आली. मी पादरा-जंबुसर रस्त्यावरच्या एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला आहे. गाड्यांच्या नादाला लागलेल्या आमच्या टोळीच्या मते, हीट एक्स्चेंजर हे माझं रोजचं काम, त्यामुळे कूलरचं मलाच कळणार. टोळीत पादऱ्याचे, बडोद्याच्या मांडवी-दांडिया बाजार भागातले आणि मही नदीपलीकडच्या बोरसदकडचे लोक. मराठी मी आणि आणखी दोघं, बाकी गुजराती.

सगळ्यांनी ऑइल कूलर पहिल्यांदा पाहिला तो पल्सर 220 वर. एअर-कूल्ड इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नसतो, तेव्हा उष्णता बाहेर काढायचं बरंचसं काम तेलावर पडतं. बजाजनं तो कूलर कारखान्यातूनच दिला होता. गाडीला मात्र रेडिएटर असतो, आणि तिथेच लोकांची गफलत होते. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो, तेलाचं नव्हे. पाणी थर्मोस्टॅटच्या धाकानं नव्वदच्या आसपास राहतं. त्याच वेळी पिस्टनच्या पोटाखालून आणि टर्बोच्या बेअरिंगमधून फिरून आलेलं तेल वीस-तीस अंशांनी वर असू शकतं. सिंथेटिक तेल शंभर-एकशेदहाला सुखात असतं. एकशेतीसच्या पुढे ते पातळ होतं, लवकर खराब होतं.

पुरवठादाराचा हिशेब सरळ होता: दहा किट घ्या, दहा टक्के सूट. म्हणजे दहा जण जमवणं हे माझं काम. आणि मला पहिल्याच बैठकीत दिसत होतं, की जमलेल्यांपैकी निम्म्यांना या वस्तूची गरज नाही. कारखान्यात आतलं-बाहेरचं तापमान आणि प्रवाह लिहिलेली डेटाशीट नसेल, तर एक्स्चेंजरची फाइल पुढे सरकत नाही. इथे मात्र गाडीच्या पुढच्या जाळीतून काळा कूलर दिसला की झालं. एकानं स्पष्टच सांगितलं, "लई लो ने, बधा ले छे!" सगळे घेतायत म्हणून आपणही घ्यायचं, हे कारण सोनं घेताना ठीक आहे. इंजिनाला ते कळत नाही.

मी अट घातली: आधी मोजू, मग नाव लिहू. मे 2025. बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडून बसला होता, म्हणजे परीक्षेला याहून योग्य काळ नाही. पावागडला गर्दी नसलेल्या दिवशी हालोलमार्गे निघायचं, माचीपर्यंतचा घाट चढायचा, वर पोचलं की इंजिन बंद करून लगेच डिपस्टिक काढायची आणि तिच्या नळीतून थर्मोकपलची बारीक तार तेलात सोडायची. काही नव्या गाड्यांत ओबीडी स्कॅनरवर तेलाचं तापमान थेट मिळतं, तिथे तार लागली नाही. घाटातून खाली येणाऱ्या भाविकांना वाटत होतं, आमच्या गाड्या बंद पडल्यात. दोघांनी मदतही विचारली.

आकडे निघाले ते मला अपेक्षित होते, टोळीला नव्हते. बहुतेक गाड्या एकशेदहाच्या आतबाहेर. बऱ्याच टर्बो गाड्यांत फिल्टरपाशी तेल-पाण्याचा छोटा कूलर कंपनीनंच दिलेला असतो, हेही काहींना तेव्हाच कळलं. एकशेतीसच्या वर गेल्या त्या रीमॅप केलेल्या चार पेट्रोल गाड्या. म्हणजे दहापैकी चार. बाकीच्यांचे चेहरे पडले. निरोगी असल्याचं कळून नाराज झालेली माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

आता दहाचा स्लॅब कसा भरायचा? मी पुरवठादाराला म्हटलं, सूट नगांवर नको, एकूण रकमेवर लावा. चौघांचे कूलर, बाकीच्यांचे तेलाच्या तापमानाचे गेज, सिंथेटिक तेलाचे डबे, दोघांचे ब्रेक पॅड. तीन फोनांत तो तयार झाला. पुढे सगळ्यात जास्त वेळ गेला तो आट्यांवर. कूलरचं तेल फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये बसणाऱ्या सँडविच प्लेटमधून फिरतं, आणि त्या प्लेटच्या आट्या गाडीगणिक वेगळ्या. "माझी पण तीच गाडी आहे" यावर विश्वास न ठेवता मी प्रत्येकाकडून फिल्टरचा पार्ट नंबर लिहून घेतला. प्लेट थर्मोस्टॅटवालीच हवी, हाही हट्ट धरला. तेल ऐंशीला पोचेपर्यंत ती कूलरकडे जाणारी वाट जवळपास बंद ठेवते. ती नसेल तर जानेवारीच्या सकाळी तेल गरमच होत नाही, आणि त्यात साठलेली पाण्याची वाफ बाहेर पडत नाही.

मध्ये 9 जुलैला मुजपूरजवळचा गंभीरा पूल कोसळला, माणसं गेली. त्यानंतर काही दिवस कूलरचा विषय कुणी काढला नाही. बोरसदकडच्या मित्राचा पादऱ्याला यायचा सरळ रस्ता तुटला. तो आता वासदकडून वळसा घेऊन येतो.

ऑगस्टमध्ये मंडळी पुन्हा घाईला आली, पण 15 ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी जीएसटी कमी करायचं सूतोवाच केलं होतं. थांबा म्हटलं. 22 सप्टेंबरपासून सुट्या भागांवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. शंभराच्या वस्तूला एकशे अठ्ठावीसऐवजी एकशे अठरा. पुरवठादाराचं कोटेशन तरीही जुन्या दरानंच आलं, ते परत पाठवून दुरुस्त करून घेतलं. दिवाळीआधी खोकी माझ्या बैठकीच्या खोलीत येऊन पडली. "घराचं गोडाऊन केलंत," बायको म्हणाली, पण कुठलं खोकं कुणाचं ते तिनंच खडूनं लिहिलं.

बसवण्याचं काम पादऱ्यातल्या मिस्त्रीनं केलं. होज पाइप ब्रॅकेटला घासतोय का, हे त्यानं प्रत्येक गाडीखाली स्वतः झोपून पाहिलं. नव्या पाइपांत आणि कूलरमध्ये तेल भरतं, त्यामुळे इंजिन चालवून झाल्यावर डिपस्टिक बघून कमी पडलेलं वर टाकावं लागतं. त्याला ते सांगावं लागलं नाही.

तुमच्याकडे असा सामुदायिक सौदा निघाला, तर पैसे एकाच्या खात्यात जमा करू नका, प्रत्येकानं पुरवठादाराला थेट भरा. बिलं वेगवेगळ्या नावांची मागा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी एकाच माणसाचा जीव जातो. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवा. आणि नाव लिहायच्या आधी तेलाचं तापमान मोजा.