नगर ते जामखेड : आवाराबाहेर पडलेली सेवा

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथून जामखेडकडे निघणाऱ्या प्रवाशाने रस्त्याला लागण्यापूर्वी शहरातील जुन्या मिशन-वास्तूंकडे एक फेरी मारावी, कारण जामखेडमध्ये जे घडले त्याचे वेगळेपण या वास्तू पाहिल्याशिवाय नीट ध्यानात येत नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये येथे आपले ठाणे वसवले, सिंथिया फेरार यांनी मुलींच्या शिक्षणाचे काम येथेच वाढवले आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 मध्ये याच शहरातून निघू लागले. मुक्तिफौजेचे, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंघटनेचे, बूथ रुग्णालयही याच शहरात आहे. या साऱ्या कामाचे एक ठरावीक रूप होते व त्याला ‘कंपाऊंड’ हा शब्द रूढ झाला : चर्च, शाळा, दवाखाना, वसतिगृह आणि मिशनऱ्यांचे बंगले एका कुंपणात सामावणारे आवार. सेवा आवारात चाले आणि गरजू माणूस फाटकातून आत येई. या पद्धतीने जिल्ह्याला पुष्कळ दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्याला फाटकापर्यंत पोहोचताच येत नव्हते, त्याचा प्रश्न तिने सोडवला नाही.

जामखेडचा रस्ता सुमारे पाऊणशे किलोमीटरांचा आहे. चिचोंडी पाटील मागे टाकल्यावर तो बीड जिल्ह्यात शिरतो आणि कडा, आष्टी ही गावे ओलांडून पुन्हा नगर जिल्ह्यात येतो. हा पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगरांच्या आडोशामुळे मोसमी पाऊस कमी पडणारा प्रदेश असल्याने ज्वारीची राने आणि उघडे माळ यांची सोबत सुटत नाही, आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे ट्रॅक्टरवर लादलेली दिसतात. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चोंडी जामखेड तालुक्यातच आहे आणि 1795 मध्ये मराठ्यांनी निजामाचा पराभव केला ते खर्डाही येथेच. परंतु हा इतिहास मिरवणाऱ्या तालुक्याच्या नशिबी विसाव्या शतकात प्रामुख्याने दुष्काळच आला.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 मध्ये येथे आले. रजनीकांत राहुरीच्या शिक्षक दांपत्याचे पुत्र, तर मेबल यांचे वडील जबलपूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात नव्या कराराचे अध्यापक होते. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या दोघांनी 1960 मध्ये विवाहाच्या वेळीच खेड्यांतील उपेक्षितांसाठी आयुष्य वेचण्याची प्रतिज्ञा केली होती. पुढे नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना, बरे करून घरी पाठवलेला रुग्ण तोच आजार घेऊन परत येतो, हे त्यांनी वारंवार पाहिले. त्यामुळे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे, म्हणजे एकेका रुग्णाऐवजी संपूर्ण वस्तीच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या शास्त्राचे, शिक्षण घेऊन त्यांनी जामखेडला ‘सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ सुरू केला. त्या काळी या भागातील अर्भक-मृत्यूदर, म्हणजे जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी वर्षाच्या आत दगावणाऱ्यांची संख्या, 176 च्या घरात होता.

खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा पहिला प्रयत्न फसला, कारण बाहेरून आलेल्या मुलीचे गावात बस्तान बसेना आणि बायाही तिच्यापाशी मन मोकळे करीनात. मग गावानेच आपल्यातली एक बाई आरोग्य स्वयंसेविका म्हणून निवडावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्या अनेकजणी निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. प्रशिक्षणासाठी जामखेडला आल्यावर सर्व जातींच्या बायांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे असा शिरस्ता होता आणि तो पाळणे शरीरशास्त्राच्या धड्यापेक्षा अवघड गेले असणार. त्या जे शिकल्या ते अगदी हाताशी असलेले होते : बाळंतपणाला नवे ब्लेड, उकळलेला दोरा आणि साबणाने धुतलेले हात, हगवणीत मीठ-साखरेचे पाणी, अंगावरचा बधिर चट्टा दिसताच कुष्ठरोगाची शंका. सत्तरीच्या आरंभीच्या दुष्काळात विंधनविहिरी घेताना त्या दलित वस्त्यांत घेतल्या गेल्या. म्हणजे पाणी हवे तर सवर्णांना तेथवर चालत जाणे भाग पडले. प्रवचनाने जे साधले नसते, ते हातपंपाच्या जागेने साधले.

या कामातील ख्रिस्ती श्रद्धा शोधू जाणाऱ्या प्रवाशाची थोडी फसगत होते. धर्मांतर हा प्रकल्पाचा हेतू नव्हता आणि स्वयंसेविका बहुतांशी हिंदू घरांतील होत्या. ही श्रद्धा दिसते ती निवडीत; गावाने ज्या बाईला शेवटच्या पंगतीत बसवले, तिच्याच हाती गावाचे आरोग्य सोपवण्याच्या निर्णयात. नव्या करारात ज्यांना ‘लहानातले लहान’ म्हटले आहे ते येथे सेवेचे लाभार्थी न राहता सेवेकरी झाले आणि नगरच्या आवारांपासून जामखेडचे खरे अंतर हेच आहे. अर्भक-मृत्यूदर पुढे कितीतरी पटींनी खाली आला. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार आणि 1990 मध्ये पद्मभूषण मिळाले. मेबल 1999 मध्ये आणि रजनीकांत 2011 मध्ये निवर्तले. परदेशांतून सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी जामखेडला येतात तेव्हा शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायाही त्यांना शिकवत आल्या आहेत.

एक शंका मात्र प्रवाशाने मनात बाळगायला हरकत नाही. या बायांना पगार नसे. मान, विद्या आणि जोडधंद्यासाठी मदत हाच मोबदला होता. 2005 नंतर सरकारने ‘आशा’ या नावाने गावोगावी स्वयंसेविका नेमल्या, तेव्हा जामखेडसारख्या प्रयोगांचा साचा सरकारसमोर होता. परंतु कामागणिक मिळणाऱ्या तुटपुंज्या मोबदल्यामुळे आज त्याच आशा संप करतात, मोर्चे काढतात, आणि त्यांची मागणी रास्त आहे. श्रद्धेने स्वीकारलेले विनावेतन काम आणि शासनाने सोयीसाठी लादलेले अल्पवेतन काम यांची गल्लत जामखेड पाहून आलेल्या माणसाने तरी करू नये.