गाळाच्या गावातली कमान

‘पूर्वीचे लोक कसे राहत’ हा धडा मुलांकडून हातांनी करवून घ्यायचा, असं लखनौच्या शाळेत सांगितलं गेलं आणि मला काही सुचेना. मी साताऱ्याकडची, इथे अगदी नवी. जुनं घर म्हणजे काळ्या दगडाचं जोतं, हीच माझी समजूत. इथे गोमतीचा गाळ, दगडाचा पत्ता नाही. १७७५ साली अवधचा नवाब आसफउद्दौला यानं फैजाबादहून राजधानी इथे आणली, ती उभी केली कशातून? उत्तर चौथीच्या मुलांनीच बड्या इमामबाड्यात दाखवलं. गिलावा निखळलेल्या भिंतीत बोटभर जाडीच्या विटा होत्या. लखौरी.

मग आम्ही लखौरीच पाडायला घेतल्या. माती किती भिजवायची, ते शाळेच्या माळीकाकांनी शिकवलं: मुठीत दाबली की बोटांचे ठसे उमटावेत, पाणी सुटू नये. साच्याला आतून कोरडी वाळू चोळली की वीट अलगद निसटते. आधी सावलीत सुकवायची, नाहीतर तडकते. भट्टी नव्हती, आमच्या विटा कच्च्याच राहिल्या. खऱ्या बांधकामात चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. चुना हात भाजतो, म्हणून आम्ही चिखलावर भागवलं.

इमामबाड्यातली कमान मात्र माझ्या डोक्यात शिरत नव्हती. तुळई नाही, मग वरचं पडत कसं नाही? दोन मुलांना समोरासमोर उभं करून तळवे भिडवून रेलायला लावलं. पाय लगेच मागे घसरू लागले. दोघं जण त्यांच्या टाचांमागे बसले, तसे ते थांबले. कमानीला बाजूची भिंत जाड का लागते, ते मलाही तेव्हाच कळलं.

ओल्या वाळूचा अर्धगोल ढीग केला, त्यावर विटा उभ्या लावल्या, फटींत बाहेरच्या अंगाला चिखल जास्त. दोन्ही टोकांना जड कुंड्या. सुकल्यावर एका मुलीनं चमच्यानं खालची वाळू उकरायला घेतली. कमान जराशी बसली, बारीक माती झडली आणि ती तशीच राहिली. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला!

१७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून इमामबाडा बांधायला काढला, हे मी त्यानंतर सांगितलं. विटा थापून मनगटं भरून आली होती, त्यामुळे सगळे कान देऊन ऐकत होते. तिथलं सुमारे ५० मीटर लांबीचं दालन तुळईशिवाय उभं आहे. एका कमानीमागे दुसरी जोडत गेलं तर छत होईल का, असं मुलांनी विचारलंय. पुढच्या आठवड्यात तेच करून बघणार आहोत.